पाण्यावरचे दाजी

दाजींना मी प्रथम पाहिलं तेव्हा मला वाटलं, मालकाने आपल्या दिवंगत वडिलांचा पुतळाच क्रशरच्या फाटकात उभा केलाय. डोक्यापासून चपलेपर्यंत पांढराफटक, पापण्यांवर बोटभर थर, कानांत एखादं रोप सहज जगेल इतकी माती. मी आदराने हात जोडणार, तोच पुतळा शिंकला. धुरळा खाली बसायला पाच मिनिटं लागली आणि त्यातून एक किडकिडीत माणूस निघाला.

"वजनकाट्यावरचे नवे कारकून का?" तो म्हणाला. "मी इथे धूळ बसवतो."

खरंच तेच त्यांचं काम होतं. दगड फोडणाऱ्या आणि खडी चाळणाऱ्या यंत्रांवर पाण्याचे फवारे सोडायचे. चाळणीवर त्यांचा मेहुणा होता. तो 'दाजी' म्हणायचा म्हणून आम्ही सगळेच म्हणायचो, मालकसुद्धा. अख्ख्या क्रशरचा जावई होण्याचा मान मिळालेला हा एकच माणूस, आणि त्या मानाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

मेहुणा दिवसभर थरथरत्या चाळणीला खेटून उभा असे. दोन वर्षं खोकत होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून सांगितलं, आता धूळ नको. पण आसपास दुसरं काम नव्हतं. दाजींच्या बायकोने नवऱ्याला बजावलं, "जगाची धूळ राहू द्या. माझ्या भावापुढची तेवढी बसवा."

दाजी मनाला लावून घेणारे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चाळणीवरचा नळ पुरता सोडला. धूळ गेली, पण भुकटीची कणीक झाली आणि चाळणीची भोकं लिंपली गेली. दोन तास सगळं बंद. सळई घेऊन ती भोकं मोकळी करायला आत उतरला तो मेहुणाच. मालकाने नळाचं चाक काढून टेबलाच्या खणात ठेवलं. तपासणीचे साहेब यायचे, त्या दिवशी तेवढं ते बाहेर निघे.

दाजी खचले, पण हट्ट सोडेनात. "पीठ उडाल्यावर पाणी मारून काय उपयोग?" ते मला म्हणाले. "दगड फुटायच्या आधीच भिजवायचा. तोही नुसता ओलसर." ट्रक जिथे दगड ओततात त्या तोंडाशी त्यांनी बारीक भोकांचा पाइप बसवला आणि तो खाणीच्या तळातल्या पाण्याला जोडला. नऊ दिवस मला काट्यावरून समोरचा रस्ता दिसला.

मेहुणा म्हणाला, "दाजी, आज तुमचं तोंड नीट दिसलं. धूळ काही वाईट नव्हती."

"तुझ्या बहिणीचंही तेच मत आहे," दाजी म्हणाले.

दहाव्या दिवशी पाइपची भोकं बुजली. तळातलं पाणी गढूळ. दाजी ते जुन्या चादरीतून गाळायचे, सुईने एकेक भोक टोचायचे. दुपारपर्यंत पुन्हा सगळी बंद. गाळणीची टाकी मागायला गेले, तर मालक काचेच्या बंद खोलीतून म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." असे सतरा पुढचे महिने आले आणि गेले. मेहुणा चाळणीच्या शिडीवर आधी तिसऱ्या पायरीला थांबून दम घ्यायचा, मग पहिल्याच पायरीला. दाजी आणखी सुया आणत राहिले.

मेहुणा एका मंगळवारी गेला. चाळणीवर माणूस हवा होता, म्हणून गुरुवारपासून मालकाने दाजींना तिथे उभं केलं. पाण्यावर नवा माणूस घेतला नाही.