आत्यांच्या गाडीचा क्लच

माझ्या बायकोच्या आत्यांनी सगळी नोकरी जयपूरच्या माणसांना झोपवण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावर त्याच माणसांची झोप उडवली. त्या भूलतज्ज्ञ. निरोपसमारंभात इस्पितळाने त्यांना शाल आणि चांदीचा गणपती दिला. त्यांनी स्वतःला शर्यतीची गाडी दिली. मूळची ती साधी चार दारांची गाडी, पण कुणा हौशी माणसाने तिच्या आतलं सगळं उपटून फक्त चालवणाऱ्याची सीट ठेवली होती आणि भोवती लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवला होता. रविवारी सकाळी आत्या ती सुरू करत तेव्हा त्यांच्या बनी पार्क वस्तीतले मोर दोन बंगले पलीकडे जाऊन बसत. शेजारचे वकीलसाहेब एकदा तक्रार करायला आले. आत्यांनी त्यांना चहा दिला, श्वास का लागतोय ते विचारलं, स्टेथोस्कोप लावला आणि हृदयाच्या डॉक्टरकडे धाडून दिलं. त्यानंतर वकीलसाहेब गाडीच्या आवाजाला ‘हमारी मैडमजी का रियाज़’ म्हणू लागले.

बँकेने माझी बदली जयपूरला केली तेव्हा आत्यांमुळेच आम्हाला तिथे परकं वाटलं नाही. त्या मूळच्या कोल्हापूरच्या, त्यामुळे ‘मी येतो’, ‘मी जातो’ असंच बोलत. राजस्थानात इतकी वर्षं काढूनही त्यात फरक नव्हता, फक्त मधूनमधून एखादं ‘मतलब’ येऊन बसे. घरी आलेल्या पाहुण्याच्या एका हातात चहाचा कप येई आणि दुसऱ्या हातात टॉर्च. आमचे मोठे साहेब सदिच्छा भेटीला गेले, तर सुटाबुटात पाऊण तास बॉनेटखाली उजेड धरून उभे होते. परतताना गाडीत ते बाहीवरचा तेलाचा डाग पुसत होते. मग म्हणाले, “फार दिवसांनी कुणी काहीतरी उपयोगाचं काम सांगितलं.” आत्यांचे पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर शस्त्रक्रियेच्या स्टीलच्या ट्रेमध्ये मापाप्रमाणे मांडलेले असत आणि आपण पाना द्यायला उशीर केला, तर त्या नुसता तळहात पसरून वाट बघत. त्या पसरलेल्या तळहातापुढे भलेभले घाबरत.

दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत जयपूरबाहेर बस्सीच्या बाजूला एका मोकळ्या धावपट्टीवर हौशी लोकांची शर्यत ठरली. आत्यांचा डावा गुडघा तेव्हा पार झिजला होता. शर्यतीनंतरच्या आठवड्यात सांधा बदलायचा होता, आणि क्लच दाबायचा पाय नेमका डावा. शल्यविशारद त्यांचाच जुना सहकारी. त्याने बजावलं होतं की ऑपरेशननंतर असली गाडी विसरायची. म्हणजे ही शर्यत शेवटची. आत्या तसं बोलून दाखवत नसत, पण त्या महिन्यात त्यांनी गाडी रोज धुतली.

आणि शर्यतीच्या आठच दिवस आधी क्लचचं पेडल खाली गेलं ते वर आलंच नाही. आत्यांनी मला बोलावून घेतलं. गाडीखाली तेलकट ओल होती. “पायाखाली एक सिलिंडर असतो, तो तेल ढकलतो,” त्यांनी मला समजावलं. “ते तेल नळीतून गिअरबॉक्सपाशी जातं. तिथं दुसरा धाकटा सिलिंडर असतो, तो क्लच उचलतो. थोरला धडधाकट आहे. धाकटा गळतोय.” एवढं निदान झालं, पण धाकटा कुठल्या घराण्यातला तेच कळेना. गिअरबॉक्स दुसऱ्याच गाडीचा बसवलेला, सिलिंडरवरची अक्षरं घासून गेलेली. गाडीच्या पुस्तकात होता तो सिलिंडर याच्याशी नात्यातलाही वाटत नव्हता.

आम्ही जयपूरजवळच्या चौमू गावी गेलो. तिथे जुन्या गाड्या मोडून भाग विकणारे एक कबाडीवाले आत्यांचे दोस्त होते, कारण त्यांच्या बायकोच्या तिन्ही बाळंतपणांत भूल देणाऱ्या आत्याच. त्यांनी ढिगातून एक सिलिंडर काढला. “मैडमजी, बिलकुल सेम है. जुड़वाँ भाई समझो.” बोल्टची भोकं जुळत होती, नळीचे आटे जुळत होते. आत्या खूश झाल्या आणि घरी येऊन आम्ही तो बसवलाही. पेडल लोण्यासारखं मऊ झालं. गुडघा कुरकुरला नाही. बायकोने तर साखर वाटायचीच बाकी ठेवली. पण आत्या इंजिन सुरू करून गिअर टाकायला गेल्या, तर गिअरबॉक्स किंचाळला. क्लच पुरता सुटतच नव्हता.

आत्यांनी दोन्ही सिलिंडर ट्रेमध्ये शेजारी ठेवले आणि प्रथमच त्यांच्या तोंडात व्हर्नियर घालून पाहिला. नव्याचं तोंड दीड-दोन मिलिमीटरने मोठं होतं. “तेल तेवढंच, भांडं रुंद. मग पातळी कमीच चढणार,” त्या म्हणाल्या. “म्हणून पेडल हलकं, आणि म्हणूनच काम अर्धवट. माप आधी घ्यायला हवं होतं, मी चेहऱ्यावर गेलो.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा चौमू. या वेळी आत्या माप घेत होत्या आणि कबाडीवाले भाग पुढे करत होते, मधूनमधून स्वतःच म्हणत होते, “ना, यह भी नहीं.” दुपार कलता कलता हव्या त्या मापाचा सिलिंडर एका जुन्या मालवाहू गाडीखाली सापडला. दोघांनी हात मिळवले.

घरी आल्यावर बायको मात्र अडून बसली. “आत्या, याने पेडल जड होणार ना? गुडघ्याचं काय? शर्यत नाही केली तर काय बिघडलं?”

आत्या ट्रेमधून रबरी वॉशर उचलत म्हणाल्या, “गुडघा तसाही फेकूनच द्यायचाय, बाळ. फेकायच्या आधी वापरून घेतो.”

बायकोने टॉर्च उचलला. सिलिंडर लागला, आणि नळीतली हवा काढण्यासाठी मला पिंजऱ्यातून वाकवून सीटवर बसवण्यात आलं. खालून हुकूम येत होते. “दाबा, जावईबापू. धरा. धरा. आता सोडा.” माझी पोटरी भरून आली तरी पेडल स्पंजासारखंच. मग खालून हसण्याचा आवाज आला, आणि बराच वेळ येत राहिला. हवा सोडायचा स्क्रू त्यांनी खालच्या भोकात बसवला होता आणि नळी वरच्या. “सलाइनच्या नळीतली हवा काढण्यात जन्म गेला,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, “आणि वर जाणाऱ्या हवेला मी खालून वाट दाखवतोय.” अदलाबदल केल्यावर चार-पाच बुडबुडे निघाले, आणि माझ्या पायाखाली पेडल एकदम घट्ट झालं. चांगलंच जड होतं ते.

शर्यतीत आत्यांचा नंबर शेवटून दुसरा आला. पण गिअर एकदाही अडला नाही, आणि वळणावर एका तरण्याताठ्या गाडीला त्यांनी ज्या सफाईने मागे टाकलं ते पाहून वकीलसाहेब खुर्चीवर उभे राहिले. गाडीतून उतरताना मात्र आत्यांनी माझा खांदा घट्ट धरला आणि जरा वेळ सोडला नाही. हेल्मेट काढल्यावर केस कपाळाला चिकटले होते. “झालं मनासारखं,” एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. आता आत्या काठीशिवाय मंदिरापर्यंत जाऊन येतात. गाडी त्यांनी विकली नाही. चालवणाऱ्याच्या शेजारी एक दुसरी सीट तेवढी बसवून घेतली. आमची जयपूरहून बदली झाली त्या आठवड्यात त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः त्या नव्या सीटवर जाऊन बसल्या. मी घाबरत घाबरत बनी पार्काला एक चक्कर मारली. दोनदा गाडी बंद पाडली, एकदा गिअर चुकला, गतिरोधक तर दिसलाच नाही. आत्या खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही टोकलं नाही.