जावेनं विणलेला स्वेटर

धाकट्या जावेला विणकाम मीच शिकवलं, पण तिच्यावर दया आली म्हणून नव्हे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिची कूस उजवली नव्हती. रोज दुपारी ती माझ्या ओसरीवर येऊन मुसमुसायची, आणि मला रडक्या बायकांचा भारी कंटाळा. भालकीच्या बाजारातून दोन सुया आणल्या, तिच्या हातात दिल्या आणि म्हटलं, "हात गुतव ग बाई, म्हंजी तोंड गप बसंल."

तोंड खरंच गप्प बसलं. पहिला महिनाभर टाके निसटायचे, कडा वाकड्या व्हायच्या आणि मी तिची मनसोक्त टिंगल करायचे. "ह्ये काय विणायलीस, गोणपाट?" ती हसायची. दोन सुलट, दोन उलट असं पुटपुटत बसायची. एकदा म्हणाली, "अक्का, विणताना डोस्क्यात कुणीच बोलत न्हाई." तिच्या डोक्यात कोण बोलायचं ते मला ठाऊक होतं. सगळी भावकीच बोलायची, त्यात मीही होते.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला बीदरहून घरी आली, तेव्हा जावेनं पिवळी लोकर आणली. बाळाच्या अंगावर तिच्या हातचं काहीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं. डोळे खाली घालून तसं तिनं मला सांगितलंही. मी "बरं" म्हटलं. नातू झाला, पाचवी पुजली, आणि दुसऱ्या दिवशी ती स्वेटर घेऊन आली. काम माझ्यापेक्षा सरस होतं, तेही मला बोचलं. छान झालाय म्हटलं, आणि ती उंबरा ओलांडून गेल्यावर उसवायला बसले.

"आई, असं कामून करायलीस?" लेक ओरडली. मी तिला गप्प केलं. वांझेच्या हातचं तान्ह्याच्या अंगाला लागू द्यायचं नाही, असं आमच्यात मानतात. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली माणसं. लोकरीला विटाळ नसतो, असंही आमच्यातच मानतात. म्हणजे खोट तिच्या विणण्यात, लोकरीत नाही. मग टाकायची कशाला? बारसं तोंडावर आलं होतं. त्याच लोकरीचा स्वेटर मी चार दिवसांत विणून काढला. खोटं कशाला बोलू, विणताना मला फार शांत वाटलं.

बारशाला तोच नातवाला घातला. जाऊ घुगऱ्यांचं ताट घेऊन दाराशी उभी होती. पाळण्याजवळ तिला कुणी बोलावलं नव्हतं. बायका जेवायला उठल्या तशी ती पुढं आली. पिवळा रंग दिसला आणि तिचं तोंड फुललं. मग तिनं बाहीवरून बोट फिरवलं आणि बोट थांबलं. टाके तिचे नव्हते, लोकर जागोजागी कुरळी झाली होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "उसवल्याली लोकर आधी वली करून वाळवावी लागती. तुमीच शिकवलाव."

मला लाज वाटायला हवी होती. आला राग. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, तशी मीच तिच्यावर डाफरले, "तुला लई कळायलंय!"

दुसऱ्या दिवशी तिनं सुया आणि उरलेला लोकरीचा गुंडा पिशवीत घालून आणून दिला. "मला आता लागत न्हाईत," एवढंच बोलली आणि गेली. मी तिला थांब म्हटलं नाही. गुंड्यात अजून बरीच लोकर होती. नातवाला टोपडं झालं.