भावजींनी पाहिलेला एकच शेवट

इतके सिनेमे पाहून एकाचाही शेवट न पाहिलेला माणूस पृथ्वीवर एकच असावा, आणि तो माझ्या वाट्याला आला. तुम्ही पोरं त्यांना निपाणीचे आजोबा म्हणता. तुमच्या आजोबांचे ते मावसभाऊ, म्हणजे माझे भावजी. सगळी नोकरी त्यांनी निपाणीला तंबाखूच्या वखारीत केली, आणि महिन्यातला एक रविवार ते सिनेमासाठी बेळगावला यायचे. आमच्याकडे जेवायचे, तीनचा खेळ गाठायचे, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून खेळ संपायच्या पंधरा मिनिटं आधी उठायचे. पुढच्या खेपेला दारातूनच विचारायचे, "वैनी, त्या हिरोचं काय झालं शेवटी?" मी शाळेत इंग्रजी शिकवून, गठ्ठाभर वह्या तपासून दमलेली असायचे. हिरोचं काय झालं यात मला काडीचा रस नव्हता. तरी त्यांच्यासाठी मी कितीतरी सिनेमे नेटाने शेवटपर्यंत पाहिले. तुमच्या आजोबांनी तर दोन-तीन शेवट चक्क स्वतः रचून सांगितले.

सांगितलेला शेवट मात्र ते सहजी मानत नसत. वखारीत माल पारखायची एक रीत असते. तंबाखूचं पोतं समोर आलं की वरच्या पानाकडे बघायचं नाही, कोपरापर्यंत हात घालून मधलं पान ओढायचं आणि त्याचा वास घ्यायचा. "वरचं पान समदीच झ्याक ठेवत्यात, वैनी," असं ते म्हणत. माणसांच्या मतांनाही त्यांनी हीच रीत लावली. एकदा विचारायचं, मग पाऊसपाणी, पोरांची लग्नं यांवर बोलायचं, आणि समोरचा गाफील झाला की पुन्हा विचारायचं. आमच्या शेजारी एक बँकेतले सज्जन गृहस्थ राहत. त्यांना एका सिनेमाबद्दल भावजींनी एका दुपारी चार वेळा विचारलं. चौथ्या वेळी त्या बिचाऱ्यांनी कबूल केलं की आपण मध्यंतरानंतर झोपलो होतो. भावजींना कोण आनंद! "निघालं बघा मधलं पान!"

जाऊबाई गेल्यानंतर ते बेळगावलाच, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला आले. आता गाडी गाठायची नव्हती, पण सिनेमा संपत आला की त्यांचे पाय आपोआप उठत. आणि आता ते महिन्यातून एकदा नाही, रोज साडेचारच्या चहाला येत. मी किती दमत असेन याची कल्पना करा.

गेल्या वर्षी तो अंतराळातला सिनेमा आला. एक मुलगी यानात बसून शनीच्याही पलीकडे जाते. इकडे तिचा म्हातारा बाप रेडिओपाशी बसून राहतो. शेवटी रेडिओ खरखरतो, बाप उठतो आणि पडदा पांढरा होतो. संपलं. मुलगी परत आली की नाही, कोणी सांगत नाही. भावजींच्या लेकीने, वैशूने, तो कॅनडात पाहिला आणि फोन केला, "अण्णा, ह्यो पिक्चर शेवटपर्यंत बघा. तुम्हाला काय वाटलं ते रविवारी सांगा. मग मलाबी एक सांगायचंय."

ते एक काय, हे भावजींनी ओळखलं होतं. वैशू तिथली नागरिक व्हायची होती, म्हणजे इथलं नागरिकत्व सोडायची होती. भावजी दोनदा सिनेमाला गेले आणि दोन्ही वेळा सवयीने आधीच उठून आले. मग त्यांनी गावभर मतं गोळा करायला सुरुवात केली. खडेबाजारातला त्यांचा शिंपी म्हणाला, "आली की परत! मरायचीच हुती तर एवढा खर्च केला कशाला?" आमच्या खाली राहणारी इंजिनिअर मुलगी म्हणाली, "काका, तिचा ऑक्सिजन आधीच संपलाय. तो आवाज जुना आहे." उचगावच्या भाजीवालीला तिच्या लेकाने हौसेने नेलं होतं. ती म्हणाली, "दोन तास बसीवलं आणि शेवटी पांढरं धोतर दावलं. शेवट म्हंत्यात व्हय ह्येला?" प्रत्येक मत साडेचारला माझ्याकडे येई, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाचं बदललेलं मत येई.

गुरुवारी मी कप खाली ठेवला. "भावजी, लेकीला तुमचं मत हवंय, उचगावचं नव्हे."

"माझं सांगितलं आणि तिला लागलं म्हंजे?"

"शनिवारी मी येते," मी म्हणाले. "तुम्ही भिंतीकडच्या खुर्चीत बसायचं."

शनिवारी अपेक्षेप्रमाणे ते उठले. मी पाय आडवे घातले. "वैनी, सोडा." "बसा." मागून कोणीतरी "ओ आजी, शू!" म्हणालं. जन्मभर वर्गाला गप्प बसवणाऱ्या बाईला! पण भावजी बसले. रेडिओ खरखरला, पडदा पांढरा झाला, दिवे लागले आणि लोक तिथेच भांडायला लागले. मेली, नाही, आली परत, पैसे बुडाले. भावजींनी त्या दिवशी कोणालाच काही विचारलं नाही. रिक्षात मीच विचारलं, "मग? आली का ती?"

"ते कुणाला ठावं? त्या म्हाताऱ्याकडं बघितलासा का न्हाय? उठला खरा, पण दाराकडं गेलाच न्हाय. हात कानाला लावून तितंच हुबा ऱ्हायला. ती न्हाय येत, वैनी. त्येला कळलंय."

रविवारी फोन त्यांनी आमच्या घरूनच केला. वैशूने पहिलंच विचारलं, "बघितलासा, अण्णा? काय झालं तिचं?"

भावजी माझ्याकडे बघत म्हणाले, "पोचली गं. सुखरूप पोचली."

मग तिने सगळं सांगितलं. अर्ज मंजूर झालाय, पुढच्या महिन्यात शपथ आहे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. भावजी म्हणाले, "वाईट कशाचं? शपथंला लुगडं नेसून जा. थंडी असली तर वरनं कोट घाल." फोन ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसला. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या. त्या दिवशी एकही ओढली नाही.

त्यानंतर त्यांनी कुठल्याच सिनेमाचा शेवट विचारला नाही. साडेचारला येतात, चहा घेतात, पेपर वाचतात. शांतता हवी म्हणून इतकी वर्षं तक्रार केली आणि मिळाली, तर आता तिचं काय करायचं ते मला कळत नाही. संध्याकाळी सातासमुद्रापलीकडून तुमचा फोन आला की ते उठून व्हरांड्यात जातात, आम्हाला मोकळेपणी बोलता यावं म्हणून. तुम्ही ठेवलंत की आत येतात.

"काय म्हणत्यात पोरं?"

"मजेत आहेत."

"तिकडं आत्ता सकाळ न्हवं?"

"हो. शाळेत निघालीत."

"मग बरं," म्हणतात, आणि उरलेला पेपर माझ्याकडे सरकवतात.