मावशीच्या गोठ्यातलं शेण

आमच्या मावशीचं, मा-बोइकान्योचं, गावात एकाशीही पटत नसे आणि याचा तिला अभिमान होता. कालाहारीत घरं लांब लांब असतात ती वाळूमुळे, असं शाळेच्या पुस्तकात होतं. मला विचाराल तर मावशीमुळे.

काटेरी कुंपणाच्या गोठ्यात मधोमध तिची विहीर, तिच्या बापाने हाताने खोदलेली. शेजारच्या रा-थुसोने खोल बोअर मारली आणि पुढच्याच उन्हाळ्यात मावशीच्या विहिरीचा तळ दिसू लागला.

"माझं पाणी चोरलंस!"

"तुझ्या डबक्याला कोण शिवतंय, म्हातारे?"

शेवटी गावप्रमुख वैतागले. दोन्ही पाणी तपासा म्हणाले. एकच निघालं तर बोअरचं निम्मं पाणी मावशीच्या गुरांना; वेगळं निघालं तर मावशीचं तोंड बंद. म्हणजे पाण्यावाचून गुरं विकायची, दुसरं काय!

राजधानीतून केनेइल्वे नावाची तपासनीस बाई आली. आपल्या विहिरीत परक्याने दोर सोडायचा नाही, असं सांगून मावशीने बाटली स्वतःच भरून आणून दिली.

काही महिन्यांनी चावडी बसली. केनेइल्वे म्हणाली, "दोन्ही बाटल्यांतलं पाणी हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचं आहे. तेव्हा इथे आजच्यापेक्षा थंडी असे. पाण्यात त्या खुणा राहतात."

"ऐकलंस रे चोरा? काढ निम्मं!" मावशी उठलीच.

"बसा, मा-बोइकान्यो. एक अडचण आहे. गोठ्यातल्या विहिरीत शेणामुताचा क्षार झिरपतो. तुमच्या बाटलीत तो नावालाही नाही."

रा-थुसोने तपकिरीची चिमूट नाकाशी नेली. "त्यात कसली अडचण, बाई? शेणाला आधी गुरं लागतात. हिच्याकडे नुसत्या बरगड्या हिंडतात. त्यांना शेण परवडत नाही."

चावडी खो खो हसली. आमच्यात एखाद्याला चोर म्हटलं तर तो फार तर भांडतो. पण गुरं नाहीत म्हणायचं?

"माझ्या गोठ्यात शेण नाही?" मावशी पुन्हा उठली. "अरे मुडद्या, बापाच्या काळापासून त्या विहिरीच्या तोंडाशी शेणाचे थर आहेत! माझं पाणी पिवळं येतं, पिवळं! दोन पावलांवरून वास मारतं! हे बाटलीतलं बेचव पाणी तुझं, तुझ्याच गुराख्याला तपकीर देऊन आणलेलं..."

ती थांबली. रा-थुसो शिंकला.

केनेइल्वेने मग मावशीसमक्ष विहिरीतून बाटली भरली. पुन्हा तपासल्यावर पाणी निघालं अलीकडच्या पावसाचं, आणि शेणाने पुरेपूर. विहीर आटली होती ती पाऊस नव्हता म्हणून. बोअर रा-थुसोची राहिली.

गुरं विकली त्या दिवशी मावशी रडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला फावडं दिलं आणि गाढवगाडी जुंपली. शेण कुठे टाकायचं, हे मला विचारावं लागलं नाही. रा-थुसोच्या फाटकासमोर ढीग फाटकाइतका उंच झाला, तेव्हा ती गाडीवरून उतरली आणि आत बघून ओरडली, "ये, आता तपास!"