उस्तादांचा कोड

'उस्ताद' ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. कचेरीच्या पुढच्या खोलीत ते गिऱ्हाइकांसमोर वेबसाइटवर व्याख्यान झोडत, आणि मागच्या खोलीत धाकटी बहीण मान मोडून कोड लिहीत बसे. ती हिशेबाला ठेवलेली असावी, असं गिऱ्हाइकांना वाटे. उस्तादांनी हा गैरसमज कधी दूर केला नाही. स्वभावच भिडस्त!

दवाखान्यात घरबसल्या नंबर लावायची त्यांची वेबसाइट चांगली गाजली. मग एक दिवस कळलं, की समोरच्या इमारतीतल्या कंपनीने डिट्टो तशीच विकायला काढलीय. उस्तादांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहिणीला घेऊन त्यांनी वकीलबाईंचं ऑफिस गाठलं.

"नंबर लावायची कल्पना कुणालाही सुचू शकते," वकीलबाई म्हणाल्या. "कायदा जपतो तो लिहिलेला कोड. तो उचललाय का?"

धाकटीने लॅपटॉपवर समोरच्यांची वेबसाइट उघडून तिच्यामागचा, कुणालाही पाहता येणारा कोड दाखवला. ओळीमागून ओळ तीच. मधोमध तिने लिहून ठेवलेली टीपसुद्धा तशीच: 'दादा, इथे हात लावू नकोस. मागच्या वेळी सगळं बंद पाडलं होतंस.' चोराने वाचायचेही कष्ट घेतले नव्हते.

वकीलबाईंना हसू आवरेना. "याहून पक्का पुरावा कुठला? पण हा दादा कोण?"

उस्ताद पंखा न्याहाळू लागले.

वकीलबाईंनी कोडच्या कॉपीराइट नोंदणीचा अर्ज पुढे केला. "ज्याने लिहिला, हक्क त्याचा. इथे कर्त्याचं नाव घाला. खोटं घातलंत, तर ही टीप तुमच्यावरच उलटेल."

उस्तादांनी पेनचं टोपण काढलं. आपलं नाव घातलं तर चोर सुटणार. तिचं घातलं तर आठ वर्षांची उस्तादी पाण्यात! त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती निमूटपणे लॅपटॉपची वायर गुंडाळत होती. कुणाचं नाव पडणार, हे तिने गृहीतच धरलं होतं. उस्तादांना मनापासून लाज वाटली. त्यांनी ठळक अक्षरांत तिचं नाव लिहिलं.

"आणि तुम्ही कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी तिचा भाऊ."

"त्याला अर्जात रकाना नाही."

"नसू दे."

त्यांनी अर्ज बहिणीकडे सरकवला. पेन हातात घेऊन ती तशीच थांबली.

"दादा, सही कुठे करायची रे?"

आठ वर्षांत कामाच्या एकाही कागदावर तिची सही कुणी मागितली नव्हती.