चढाखाली ओतलेलं पाणी

माझे साडूभाऊ आगीच्या बंबाचे ड्रायव्हर. साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या अक्कांचे, यजमान. गावात त्यांना सगळे बंबदादा म्हणतात. त्यांच्याइतका सरळ आणि त्यांच्याइतका चीड आणणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. सरळ माणसांचं हेच तर असतं, त्यांच्यावर रागावता येत नाही आणि रागावल्याशिवाय राहवतही नाही.

बाहेरच्या पाटीवर 'अग्निशमन केंद्र' असं भारदस्त नाव, आत पत्र्याची शेड. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर शिरस्त्राणं, एका बाजूला वेटोळं घालून ठेवलेले पाइप, दुसऱ्या बाजूला बसून बसून गुळगुळीत झालेला बाक. आणि मधोमध बंब. त्याचे सुटे भाग मिळणं कधीच बंद झालं होतं. काही भाग साडूभाऊ लोहाराकडून घडवून आणत, काही चक्क ट्रॅक्टरचे बसवत. पण बाहेरून पाहाल तर पितळी नळ्यांत तोंड दिसेल. रोज सकाळी फडकं घेऊन ते बंबाभोवती फिरायचे, चाकांच्या नटांनाही हात लावायचे. अक्का म्हणायच्या, "मला सवत आली ती लाल रंगाची. तिला रोज आंघोळ घालतात, मला कधी साधं 'चहा घेतलास का' म्हणून विचारत नाहीत."

या बंबाचं एक दुखणं होतं. पाण्याची टाकी भरलेली असली की तो वरच्या वस्तीचा चढ चढत नसे. अर्ध्यावर गेला की इंजिन धापा टाकायचं, ब्रेक धरायचे नाहीत आणि अख्खं धूड मागे घसरायला लागायचं. म्हणून साडूभाऊंनी आणि त्यांच्या माणसांनी एक रीत पाडली होती. वरून वर्दी आली की चढाच्या तोंडाशी थांबायचं, टाकीचा खालचा व्हॉल्व्ह उघडायचा, अर्धं पाणी गटारात सोडून द्यायचं आणि उरलेलं घेऊन वर जायचं. वर टाकी पुन्हा भरायला पाणी नाही. म्हणजे खालच्या गावाला टाकीभर पाणी आणि वरच्या वस्तीला अर्धी टाकी. त्याच वरच्या वस्तीत साडूभाऊंची एकुलती लेक दिलेली. जावई शिलाई मशिनी दुरुस्त करतो, दुकान पुढे, घर मागे, आणि शेजारी सुताराचा कारखाना, भुशाने भरलेला. चढ चढताना साडूभाऊंच्या मनात काय येत असेल, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायला हिंमत लागते.

मी विधानसभेत लघुलेखक आहे. समित्यांच्या बैठकीत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसायचं आणि आमदार जे बोलतील ते जसंच्या तसं उतरवायचं. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा की लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते एकदा माझ्या खुर्चीवर बसून पाहावं.

त्या वर्षी बजेटमध्ये जनतेच्या सुरक्षिततेसाठी बरी रक्कम येणार असं ठरलं आणि ती कुठे घालायची हे पाहायला समिती गावोगाव फिरायला निघाली. आमच्या गावचं केंद्र यादीत आहे हे कळताच मी साडूभाऊंना फोन केला.

"हे बघा, नवा बंब मिळायची हीच वेळ आहे. त्यांना चढावर न्या. भरल्या टाकीने चढून दाखवा, म्हणजे घसरतो कसा ते आपोआप दिसेल. आणि कृपा करून बंब पुसू नका."

"पुसू नको?" त्यांचा आवाज असा झाला, जणू मी त्यांना पाहुण्यांसमोर उघडं बसायला सांगितलं होतं.

समितीच्या मागे मागे मीही वही घेऊन गेलो. शेडमध्ये शिरलो आणि कपाळाला हात लावला. बंब नवरीसारखा नटला होता. पितळ झळकत होतं, टायरना काळं पॉलिश, आणि साडूभाऊ अन् त्यांची माणसं कडक इस्त्रीच्या कपड्यांत रांगेने उभी. मैदानात प्रात्यक्षिक झालं. सपाट मैदान! पाण्याचा फवारा झाडांच्या वर गेला, आमदारांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय, कसं काय? काही अडचण?"

मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहत होतो. चढ, साडूभाऊ, चढ बोला!

"चालतंय साहेब," साडूभाऊ म्हणाले.

आयुष्यभर प्रत्येक साहेबाला त्यांनी हेच उत्तर दिलं होतं. वरिष्ठाने विचारलं की 'चालतंय' म्हणायचं, ही त्यांच्या खात्याची शिस्त. जो कुरकुरतो तो कामचुकार. घरचं वासरू वारलं तरी ते साहेबासमोर चालतंयच म्हणाले असते. घरी आल्यावर अक्कांनी त्यांना जे फैलावर घेतलं ते मी इथे लिहीत नाही. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची पोर वर राहते, याची तरी आठवण ठेवायची होती." साडूभाऊ जेवण सोडून उठले.

पुढे समितीची बैठक बसली. त्यात दोन आमदार मुख्य. एकाला पोलिसांसाठी जीपा हव्या होत्या, त्याला मी मनात जीपवाले म्हणायचो. दुसऱ्याला त्याच्या भागातल्या पुलावर दिवे हवे होते, ते पूलवाले. जीपवाले सरकारचे, पूलवाले विरोधातले. बाहेर एकमेकांचं तोंड पाहत नसत आणि इथे एकाच बशीतली बिस्किटं खात होते.

"तुमचे दिवे मी धरतो, तुम्ही माझ्या जीपांना विरोध करू नका," जीपवाले म्हणाले.

"मग बंबाचं काय करायचं? त्या गावची मागणी जुनी आहे," अध्यक्षांनी विचारलं.

"बंब आपण पाहिला ना? माझ्या गाडीपेक्षा चकाचक आहे," पूलवाले म्हणाले. सगळे हसले. मी कंसात 'हशा' लिहिलं, कारण ते लिहावं लागतं.

एक म्हातारे आमदार मात्र अडून बसले. वरच्या वस्तीत त्यांची थोडी मतं असावीत. त्यांना नवा बंबच हवा होता. घासाघीस सुरू झाली. बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना होते तशी, फक्त इथे भाव करणाऱ्यांच्या खिशातून काही जाणार नव्हतं. एक म्हणे नवा, एक म्हणे काहीच नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "मध्यम मार्ग काढू." आणि त्यांनी नवा बंब आणि काहीच नाही यांच्या बरोबर मधला मार्ग शोधून काढला. जुन्या बंबाला नवा रंग, नवे दिवे आणि नवा भोंगा! इंजिनाला कुणी हात लावायचा नव्हता. ठराव एकमताने मंजूर झाला. मी लिहीत होतो आणि पेनाची निब कागदात रुतत होती.

बंब रंगून आला. दारावर मोठ्या अक्षरांत खात्याचं नाव, टपावर निळे लाल दिवे, आणि भोंगा असा की म्हशी दावं तोडून पळाव्यात. जीपवाल्यांनी स्वतः येऊन फीत कापली. गावाला वाटलं, नवा बंब आला. वर्तमानपत्रातही तसंच छापून आलं. साडूभाऊ भेटेल त्याला सांगायचे, "अहो, नवा नाही, रंग दिलाय फक्त," तर लोक म्हणायचे, "बंबदादा, तुमचा विनय काही जायचा नाही."

उन्हाळ्यात सुताराच्या कारखान्यात आग लागली. भर दुपारी. भुशाने पेट घ्यायला कितीसा वेळ लागतो? भोंगा वाजवत बंब निघाला. सुट्टीवर आलेला मी अक्कांकडेच होतो, धावत मागे गेलो. चढाच्या तोंडाशी बाजार भरला होता. बंब तिथे थांबला. साडूभाऊ उतरले आणि नेहमीच्या रीतीप्रमाणे त्यांनी खालचा व्हॉल्व्ह उघडला.

जुना बंब असताना हे दृश्य सगळ्यांनी पाहिलेलं होतं, कुणाला काही वाटत नसे. म्हाताऱ्या बैलाचं ओझं उतरवावं तसं ते होतं. पण आज नव्याकोऱ्या, झगझगीत बंबातून पाणी धो धो रस्त्यावर वाहत होतं आणि वर धूर दिसत होता. लोक खवळले.

"अरे, पाणी का ओततोय हा? वर लोक जळतायत!"

"वेड लागलंय का तुला?"

"नवा बंब दिला तरी यांची जुनी सवय जात नाही!"

कुणीतरी साडूभाऊंची कॉलर धरली. भाजीवाल्याने व्हॉल्व्ह बंद करायला हात घातला. साडूभाऊ ओरडत होते, "अहो सोडा, चढणार नाही तो! रंग दिलाय फक्त!" पण ऐकतो कोण. या झटापटीत वेळ गेला, तो वेगळाच. शेवटी बंब वर पोचला, तेव्हा सुताराचा कारखाना बसला होता आणि आग जावयाच्या दुकानाला लागली होती. अर्धी टाकी पाणी दुकानाच्या छपरापर्यंत पुरलं. मग पाइपातून नुसती फुसफुस. साडूभाऊ रिकामा पाइप हातात धरून उभे होते आणि समोर त्यांच्या लेकीचं घर जळत होतं.

माणसं वाचली. लेक नातवाला घेऊन आधीच बाहेर पडली होती. घर मात्र गेलं, मशिनी गेल्या. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असं म्हणतात. इथे बंब अगदी दारात उभा होता आणि तरी काही उपयोग झाला नाही. लेकीने बापाला दोष दिला नाही. मला मात्र म्हणाली, "काका, तुम्ही तिथे आत बसता ना? मग सांगत का नाही त्यांना?"

प्रकरण समितीपुढे आलं. जीपवाले टेबलावर हात आपटून बोलले, "आम्ही साधनं दिली, पैसा दिला. पण चालकाने भरली टाकी रस्त्यात ओतली! यंत्रणा कमी पडली नाही, माणूस कमी पडला." पूलवाले म्हणाले, "सहमत." सरकार आणि विरोधी पक्ष या वाक्यावर पुन्हा एक झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते आणि फाशीचा हुकूम उतरवून घेणारा हात माझा होता.

मी पेन खाली ठेवलं आणि उभा राहिलो.

"माफ करा, पण तो बंब भरल्या टाकीने चढत नाही. कधीच चढत नव्हता. तुम्ही रंग दिलात, इंजिन दिलं नाहीत. अर्धं पाणी सोडलं नसतं तर थेंबभरही वर गेलं नसतं."

खोलीत सगळे माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू टेबल बोलायला लागलं होतं. मग अध्यक्ष हळूच म्हणाले, "बसा. लिहा पुढे." बसलो. काय करणार? पुढचं लिहिलं. इतिवृत्त छापून आलं, त्यात जीपवाल्यांचं भाषण होतं, पूलवाल्यांचं सहमत होतं. माझं बोलणं कुठेच नव्हतं. मी बोलत होतो तेव्हा लिहिणारं कुणी नव्हतं.

निकाल असा लागला: साडूभाऊंना बंबावरून काढून शेडच्या फाटकावर बसवलं, आणि लेखी हुकूम निघाला की यापुढे वाटेत टाकी रिकामी करू नये. नवा ड्रायव्हर हुकमाचा ताबेदार. पुढच्या वर्दीला तो भरली टाकी घेऊन चढाच्या तोंडाशी गेला, अर्ध्यावरून घसरत मागे आला आणि खालीच भोंगा वाजवत उभा राहिला. वरच्या लोकांनी बादल्यांनी आग विझवली. आधी अर्धी टाकी तरी मिळायची, आता नुसता भोंगा. लेकीने त्याच जागी पुन्हा घर उभं केलंय. साडूभाऊ सुट्टीच्या दिवशी वर जाऊन तिच्या अंगणात पिंपं भरून ठेवतात.

यंदा बजेटच्या आधी समिती पुन्हा पाहणीला आली. तेच अध्यक्ष, तेच दोघे, आणि कोपऱ्यात वही घेऊन मी. बंब नव्या ड्रायव्हरने पुसून ठेवला होताच. फाटकातून शिरताना अध्यक्षांनी सवयीने साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. ओळखलं नसावं.

"काय, कसं काय चाललंय?"

साडूभाऊ उभे राहिले. टोपी नीट केली. त्यांचे ओठ 'चा' म्हणायला उघडलेले मला दिसले, आणि माझ्या अंगाची लाही झाली.

"चालत नाही साहेब," ते म्हणाले. "भरलेला बंब वरच्या चढावर चालत नाही. तुम्ही मागे आलात तेव्हाही चालत नव्हता. मी खोटं बोललो. वर माझी लेक राहते."

जीपवाल्यांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी खांद्यावरचा हात काढून घेतला आणि मागे वळून मला म्हणाले, "हे लिहायची गरज नाही."

"लिहून झालं साहेब," मी म्हणालो.