दोन शाळांत हजर

नव्वदच्या दशकात मी शिक्षण खात्यात कारकून होतो. तपासणीला साहेबांबरोबर जायचं आणि पटावरची पोरं मोजायची, एवढंच माझं काम. पट भरला की शाळा टिकायची. पोरांना काय येतं, याचा रकाना माझ्या कागदावर नव्हता.

त्या सकाळी निरगुडसरच्या अलीकडच्या एका शाळेत ती पहिल्या ओळीत बसली होती. आठ-नऊ वर्षांची, फाटक्या फ्रॉकला खांद्यावर सेफ्टी पिन. नाव पुकारलं की आधी बाईंच्या तोंडाकडे बघायची, मग उठून "हजर" म्हणायची.

दुपारी आम्ही आळेफाट्यापलीकडच्या शाळेत पोचलो. साहेब ऑफिसात चहाला बसले, मी वर्गात गेलो. पहिल्या ओळीत तीच पिन. आमच्या आधी जीपमध्ये कोंबून आणलेली पोरं होती ती. गुरुजींनी वेगळंच नाव पुकारलं, तशी त्यांच्या तोंडाकडे बघून ती उठली.

मी वाकून विचारलं, "बाळ, नाव काय गं तुझं?"

"कंचं सांगू? सकाळचं का आत्ताचं?"

आवाजात चेष्टा नव्हती. चुकू नये एवढीच काळजी होती.

"रोज येतेस का शाळेत?"

"न्हाई. रोज शेरडं असत्यात. सायेब आलं की शाळा."

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. मी "बस खाली" म्हणालो आणि त्या दुसऱ्या नावापुढेही खूण केली. साहेबांना काही बोललो नाही. मलाही नोकरी टिकवायची होती.

एका दिवसात मी तिला दोनदा हजर दाखवलं. तिचं खरं नाव विचारायचं मात्र मला सुचलंच नाही.